शाहीन, नोड चालू आहे

शाहीन,

तुला घेऊन गेले तेव्हा मी तुझ्या घरी, बायकांमध्ये बसले होते. गल्लीतला आवाज हळूहळू लांब गेला आणि मग ऐकूच येईना. अम्मींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं? माझ्या मनात आलं, सकाळपासून लाइन नाही. दुकानातला इन्व्हर्टर अजून किती वेळ खेचेल?

मी अम्मींच्या कानाशी वाकून म्हटलं, "दुकानात जाऊन येते." त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. "जा बेटा, उसका वो देख के आ," एवढंच म्हणाल्या आणि हात सोडला.

शटर अर्धंच वर केलं. मागच्या खोलीत तुझा डबा, तुझ्या भाषेत नोड, नेहमीसारखा घुरघुरत होता. स्क्रीन लावली. ठिपका हिरवा होता. खाली ओळी सरकत होत्या, एक तुकडा आला, एक तुकडा गेला, पुन्हा एक गेला. तिकडे तुला मातीत ठेवत होते, आणि त्याच वेळी जगात कुठेतरी कुणाला तरी आपली एखादी वस्तू परत हवी होती, आणि तिच्यातला तुझ्याकडे ठेवलेला भाग तू देत होतीस. मी स्टुलावर बसून ते बघत राहिले. रडू आलं ते त्यानंतर.

तू कुठं शिकलीस, किती लग्नं शूट केलीस, कोण कोण मागे राहिलं, ते सगळं जावेद पेपरात देणार आहे. तुझा भाऊ आहे, त्याला ते नीट येतं. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे. त्या डब्याबद्दल.

मेडशीची ती बाई तुला शेवटपर्यंत विसरता आली नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा अब्बा जाऊन फार काळ झाला नव्हता. त्यांचं दर्ग्याच्या रस्त्यावरचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान तू नुकतंच हातात घेतलं होतंस. तू कॅमेरा धरायचीस, मी मागे कॉम्प्युटरवर बसून मिक्सिंग करायची. सप्तपदीवर गाणं टाकायची, निकाहाच्या पंगतीवरून गुलाबाच्या पाकळ्या उडवायची. तू मागून येऊन म्हणायचीस, "फुलं कमी कर व मंदा, नवरी दिसू दे."

ती बाई एसटीनं आली होती. तिच्या लग्नाची कॅसेट अब्बांनी काढली होती, तिची एक कॉपी तिला पाहिजे होती. तिचे वडील गेले होते आणि पोरांनी आजोबांना नुसत्या एका फोटोत पाहिलं होतं. ती म्हणाली, "पोराईले दाखवाचं हाय, त्याईचा आबा चालत कसा होता."

तू कपाटातून कॅसेट काढलीस. उघडली तर पट्टीवर पांढरी बुरशी. आपण दोघींनी कापसानं, स्पिरिटनं, हातानं पट्टी फिरवत फिरवत ती पुसली. मशीनमध्ये घातली तेव्हा टीव्हीवर नुसत्या रेघा आणि खरखर. ती बाई त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिली. बहुतेक तिला वाटत होतं, आता दिसेल, आता दिसेल. मग उठली आणि उलट आपल्यालाच म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुमी लय केलं." पिशवी घेऊन बसस्टँडकडे गेली. तू त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाहीस. अब्बांच्या कपाटापुढे उभी राहिलीस, खालपासून वरपर्यंत कॅसेटी, मंगरूळपीर तालुक्यातली सगळी लग्नं, आणि म्हणालीस, "हे समदं असंच मरन, मंदा."

त्यानंतर कितीतरी दिवस तू फोनमध्ये डोकं घालून काहीबाही इंग्रजी वाचत असायचीस. मोठ्या कंपन्यांकडे जागा भाड्यानं घ्यायची तर ते आपल्याला झेपणारं नव्हतं. एकदा दुपारी मी आसेगावच्या एका हळदीचं मिक्सिंग करत बसले होते. तू खुर्ची ओढून माझ्या शेजारी आलीस.

"मंदा, एक जाळं हाय. त्याले मालक नाही."

"बिनमालकाचं कसं असन?"

"ज्याच्या त्याच्या घरी एक डबा. तो डबा लोकाईचं ठेवते, आन लोकं त्याचं ठेवतात. कोणी जपानमंदी हाय, कोणी ब्राझीलमंदी. आता मंगरूळपीरमंदी आपण राहू."

"म्हंजे ते लोकं आपले व्हिडिओ पाहतीन?"

मग तू मला समजावलंस. फाइल आधी कुलूपबंद होते, मग तिचे खूप तुकडे होतात, आणि एकेक तुकडा वेगळ्या घरी जातो. ज्याच्याकडे तुकडा आहे त्याला तो कशाचा आहे हेच कळत नाही. आणि तुकडे असे केलेले असतात की त्यातली बरीच घरं बंद पडली तरी उरलेल्या घरांतल्या तुकड्यांवरून अख्खी फाइल पुन्हा उभी करता येते. अम्मी तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मतलब दुल्हन की नाक जापान में और कान ब्राझील में?"

तू एवढी हसलीस की चहा कीबोर्डवर सांडला. "नाक भी नहीं अम्मी! एक टुकडे में कुछ नहीं दिखता. बहुत सारे मिले, तोच दुल्हन दिखती."

अम्मींना ते पटलं की नाही, कोण जाणे. पण जाता जाता म्हणाल्या, "अजब है." आणि खरंच, शाहीन, ते अजबच होतं. मला आजही वाटतं.

जुन्या मिक्सिंगच्या कॉम्प्युटरला नवी मोठी डिस्क जोडली आणि आपलं काम सुरू झालं. पहिल्यांदा त्या डब्याला स्वतःचं नाव पाहिजे होतं, जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं. ते नाव तो स्वतःच शोधत बसला, सकाळपासून दिवे लागेपर्यंत, पंखा गरगरत होता आणि पत्रा हाताला चटका देत होता. मी म्हटलं, आमच्या घरी बारशाला एवढा वेळ लागत नाही. मग अडलं ते राजूभाऊ केबलवाल्यापाशी. बाहेरचे तुकडे आत यायचे तर इंटरनेटच्या डब्यातलं एक दार उघडं ठेवावं लागतं, आणि ते त्याच्या हातात होतं.

"ताई, दार उघडं ठेवलं त बाहेरून कोणीबी आत येईन नं!" राजूभाऊ म्हणाला.

"मंग? याच्याचसाठी त उघडून राह्यली मी!"

त्याला वाटलं तुझं डोकं फिरलं. शिवाय अख्ख्या गल्लीला मिळून जाळ्यावर एकच पत्ता होता. जपानचा तुकडा आला तरी त्याला शाहीनचं दुकान कुठलं ते कळणार कसं? आपल्याला वेगळा पत्ता पाहिजे, म्हणून तू राजूभाऊच्या मागे लागलीस. त्यानं वरती फोन करून करून शेवटी तो आणला. आणला तेव्हा मात्र तोच आपल्याबरोबर स्क्रीनसमोर उभा राहिला. लाल ठिपका हिरवा झाला. त्यानंतर मात्र काहीच झालं नाही. राजूभाऊ कंटाळून गेला. मी पुन्हा हळदीकडे वळले. मग तू एकदम माझा खांदा दाबलास.

एक फाइल आली होती. एवढीशी. नावात नुसतीच अक्षरं, अर्थ नसलेली. मी माउस घेतला आणि ती उघडायला गेले, तर तू माझ्या हातावर हात ठेवलास.

"उघडू नको."

"दिसत त काहीच नाही त्याच्यात, तूच म्हनली."

"नाही दिसत. तरीबी उघडू नको. अमानत हाय ती."

अमानत. अब्बा हा शब्द वापरायचे, शेजारची कुणी दागिन्याची पुडी ठेवायला द्यायची तेव्हा. ती पुडी त्यांनी कधी तराजूत घातली नाही, असं तू सांगायचीस. तुझ्या चेहऱ्याकडे बघून मी माउस सोडला.

आपलं पहिलं भांडण त्याच आठवड्यात झालं आणि ते कधी मिटलं नाही. मी म्हणायची, आपल्या घरात आपण काय ठेवतोय हे आपल्याला ठाऊक नसावं, हे मला पटत नाही. कुणाची घाण असली तर? कुणाचं पाप असलं तर? तू म्हणायचीस, "शेजारणीनं कुलूप लावलेली पेटी ठेवाले देली त तू फोडून पाह्यशीन का?" मी म्हणायची, "शेजारीण माह्या ओळखीची असते. हे कोण?" इथं तू दर वेळी स्क्रीनकडे वळायचीस आणि मला वाटायचं मी जिंकले. मग चहा प्यायचा, कामाला लागायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

पण एक गोष्ट मलाही हलवून गेली. जाळं अधूनमधून न सांगता विचारायचं, अमुक तुकडा आहे का तुझ्याकडे? दाखव. डब्यानं क्षणात दाखवलं तर ठीक, नाहीतर त्याची पत कमी. तू त्याला हजेरी म्हणायचीस. जेवता जेवता स्क्रीनकडे बघायचीस आणि सांगायचीस, "हजेरी झाली." जगातलं कुठलंतरी यंत्र आपल्या मंगरूळपीरच्या मागच्या खोलीला, जिथं कोपऱ्यात जुने लाइट आणि फाटक्या छत्र्या पडल्या होत्या तिथं, विचारत होतं की, आहेस ना? आणि ती खोली सांगत होती, आहे.

त्या वर्षी आपण अब्बांचं कपाट रिकामं केलं. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण चालवावी लागायची, तेव्हा कुठे ती कॉम्प्युटरमध्ये उतरायची. म्हणजे आपण दोघी या तालुक्यातली सगळी लग्नं पुन्हा एकदा जेवलो म्हणायला हरकत नाही. गेलेली माणसं पंगतीत वाढत होती, बँडवाल्याशी हुज्जत घालत होती, जावयाच्या मागे पळत होती. एका लग्नात माझी आई निघाली. कुणीतरी पत्रावळीवर पाय दिला म्हणून ओरडत होती. तू कॅसेट थांबवलीस, मागे नेलीस, परत लावलीस. मी काही मागितलं नव्हतं. उतरवून झालं की फाइल दुकानातल्या डिस्कवर ठेवायची आणि तिचे तुकडे जाळ्यात सोडायचे. बुरशी धरू लागलेल्या त्या सगळ्या कॅसेटी मग टाकून दिल्या.

त्या सगळ्याची किल्ली म्हणजे डझनभर इंग्रजी शब्द, ओळीनं. ते शब्द माहीत असतील तर तुकडे गोळा होऊन कुलूप उघडतं. नसतील तर सगळं जगभर विखुरलेलं असूनही कुणालाच मिळत नाही, आपल्यालाही नाही. तू ते कुठं लिहिले नाहीत. पाठ केलेस, जशा आपण लहानपणी कविता पाठ करायचो.

आणि मग वैशाखातली ती दुपार. वादळ आलं, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर मोठी तार पडली आणि अख्ख्या ओळीत जादा करंट घुसला. आपण धावत गेलो तोवर दुकानात जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला होता. पंखा गेला, टीव्ही गेला, कॉम्प्युटर गेला. आपली डिस्क गेली आणि लोकांच्या तुकड्यांचीही गेली. तू दुकानाच्या पायरीवर बसून रडायला लागलीस. मी तुझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते की अब्बांचं काम असं जायला नको होतं. तू मान हलवलीस.

"लोकाईचं जळलं, मंदा. त्याईनं आपल्या भरोशावर ठेवलं होतं."

खरं सांगू, मला तुझा राग आला. आपलं सगळं राख झालं होतं आणि तू ज्यांची नावंही माहीत नाहीत त्यांच्यासाठी रडत होतीस. मी म्हटलंसुद्धा, "आन आपलं?"

"आपलं येईन," तू म्हणालीस. "त्याईचं काय झालं, ते पाह्यलं पाह्यजे."

तू फोनवर शोधत राहिलीस. दुसऱ्या दिवशी मला सांगितलंस की जाळ्याला कळलं होतं. मंगरूळपीरचा डबा हजेरी देत नाही म्हटल्यावर त्यानं बाकीच्या घरांतल्या तुकड्यांवरून आपल्याकडचे तुकडे पुन्हा बनवले आणि तिसऱ्याच घरी नेऊन ठेवले. कुणाचंच काही गेलं नाही. तुझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं मात्र तोंड बारीक करून म्हणालीस, "आपण गेलो त कोणाले समजलंबी नाही व." आणि मग आपण दोघी हसलो, पायरीवर, त्या वासात.

आपलं बघायचं राहिलं होतं. माझ्या घरी माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर बसलो. तू डोळे मिटून एकेक शब्द सांगत होतीस आणि मी एकेक अक्षर शोधत टाइप करत होते. शेवटचा शब्द झाला. क्षणभर स्क्रीन कोरी राहिली. मग फोल्डरची नावं आली, गावांची नावं, अब्बांनी कॅसेटींवर लिहिली होती तशीच.

"कोणतं काढू?" मी विचारलं.

"कोणतंबी."

मी एकावर बोट ठेवलं. खाली ओळी धावायला लागल्या. या पत्त्यावरून एक तुकडा आला, त्या पत्त्यावरून एक. कुठली गावं, कुठले देश, कुणाच्या माळ्यावरचे डबे, कुणाच्या स्वयंपाकघरातले. त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्याकडे वाशिम जिल्ह्यातल्या एका मांडवाचा कण आहे. फाइल भरली. मी दाबलं. बँड वाजायला लागला. तुराट्यांच्या कुंपणाला लागून मांडव, आणि एक म्हातारा उपरण्यानं घाम पुसत पाहुण्यांना आत बोलावत होता. वाऱ्यानं त्याचं धोतर फडफडत होतं. एक ठिपका कमी नव्हता. एक आवाज तुटला नव्हता.

तू उभी राहिलीस. डोक्यावर ओढणी घेतलीस आणि उभी राहिलीस, जसं कुणी मोठं माणूस घरात आल्यावर आपण उठतो. मग मीही उठले. तो म्हातारा आपल्या दोघींच्याही नात्यातला नव्हता. आपण उभ्यानंच पूर्ण लग्न पाहिलं का, आता आठवत नाही. पण उभं राहिलेलं आठवतं.

पुन्हा डबा बसवला. पुन्हा नाव, पुन्हा दार, पुन्हा राजूभाऊ. जाळं नव्या डब्यावर एकदम भरवसा टाकत नाही, सुरुवातीला अगदी थोडंसं ठेवायला देतं. तुला त्याचा अपमान वाटला नाही. "नवी सून हाय आपण. पहिल्याच दिवशी कोण चाबी देते?"

मग तुझं दुखणं आलं. अकोल्याच्या चकरा सुरू झाल्या, मग तिकडेच राहणं सुरू झालं. त्याबद्दल मला फार लिहायचं नाही. तू फोन केलास की पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "चालू हाय नं?" मी म्हणायची, "हाय." मग तब्येतीचं.

एकदा तसं म्हणता येणार नव्हतं. वाऱ्यानं खांब पडले आणि गावाला लाइन नव्हती, कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. इन्व्हर्टर संपत आला. डबा जास्त काळ बंद राहिला तर जाळं पुन्हा आपलं नाव काढून टाकेल, हे मला तुझ्यामुळं पाठ होतं. मी नवऱ्याला हाताशी घेतलं. विलासनं आणि मी डबा चादरीत गुंडाळला, रिक्षात घातला आणि राजूभाऊच्या कंट्रोल रूमवर गेलो, कारण तिथं जनरेटर होता. मला वाटलं तो हसेल. त्यानं स्वतःचं टेबल रिकामं केलं, स्वतः तार जोडली, ठिपका हिरवा होईपर्यंत वाकून उभा राहिला. मग मला म्हणाला, "ताईले फोन लावा."

मी लावला. "चालू हाय नं?" तू विचारलंस.

"हाय. पन राजूभाऊच्या टेबलावर हाय."

तू एवढी हसलीस की तुला खोकला लागला, आणि नर्सनं फोन घेतला.

शब्द तू मला अकोल्याच्या वॉर्डात दिलेस. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन तुझ्या पायावर पडलं होतं. माझं इंग्रजी तुला माहीत. तू प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितलास, त्याला काहीतरी जोडून दिलंस, आणि म्हणायला लावलंस. "पुन्हा म्हण." मी म्हटलं. "पुन्हा." शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं तू मला दुआ शिकवते आहेस. मधेच माझा एक शब्द चुकला तेव्हा तू उठून बसायचा प्रयत्न केलास.

"हे विसरली त अब्बा गेले, मंदा."

"नाही विसरत."

मी ते इथं लिहिणार नाही. रोज सकाळी केर काढताना मनातल्या मनात म्हणते. पुढं मी ते कुणाला द्यायचे, हे मात्र तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू जाणार हे आपण दोघींनी मान्य केल्यासारखं झालं असतं.

त्याच दिवशी मी उठताना तू आपलं जुनं भांडण काढलंस. "आता त मान."

"नाही मानत," मी म्हटलं. "घाण असली त?"

"असन." तू दम घेतलास. "पन माह्यंबी त कोणी न पाह्यताच ठेवलं नं? त्याईनं म्हनलं असतं, ही कोण शाहीन, हिच्या पेटीत काय हाय, त अब्बा कुठं राह्यले असते?"

मी तुझी चादर सारखी केली आणि निघाले. अजूनही अर्धं मन मानतं, अर्धं नाही. तू असतीस तर पुढच्या महिन्यात मी काहीतरी उत्तर शोधून काढलं असतं.

जावेदला दुकान दुसऱ्याला द्यायचं आहे. त्याचं चुकत नाही, त्याचाही संसार आहे. त्यानं मला विचारलं, "मंदाबाजी, वो मशीन बंद कर दूं क्या?" जाळ्यातून रीतसर निघताही येतं, आपल्याकडचे तुकडे हळूहळू दुसऱ्यांच्या हवाली करून. तू मला ते शिकवून ठेवलं होतंस. मी स्क्रीनसमोर बसले, ते बटण कुठं आहे ते पाहिलं आणि परत आले. आता डबा माझ्या घरी, पुढच्या खोलीत आहे. राजूभाऊनं तार ओढून दिली, पैशाचं बोलूच दिलं नाही. विलास पहिले दोन दिवस आवाजावरून कुरकुरला. काल लाइन गेली तर माझ्याआधी तोच उठून इन्व्हर्टर बघून आला.

आणि एक सांगायचं आहे. ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

परवा अम्मींनी मला विचारलं, "मंदा, उसका कोई व्हिडिओ है क्या?" मी हो म्हटलं आणि घरी येऊन शोधायला लागले. शाहीन, तू कुठंच नाहीस! एवढी वर्षं, एवढी लग्नं, आणि तू सगळीकडे कॅमेऱ्याच्या मागं. तुझा आवाजही नाही, कारण मिक्सिंग करताना शूटिंगवाल्याचं बोलणं काढून टाकायचं आणि वर गाणं घालायचं, हीच आपल्या धंद्याची रीत. मग लक्षात आलं, कच्चं शूटिंग. न कापलेलं, न सजवलेलं, तेही तू जाळ्यात ठेवायला लावायचीस. मी वैतागायची, एवढा कचरा कशाला म्हणून.

एका लग्नाला तू अम्मींना बरोबर घेऊन गेली होतीस, ते मला आठवत होतं. लॅपटॉप घेऊन तुझ्या घरी गेले. अम्मी खाटेवर बसल्या होत्या, पाय वर घेऊन. मी स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि एकेक शब्द टाकला. ओळी धावायला लागल्या. कुठून कुठून तुकडे आले. कोण होते ते लोक? त्यांच्या डब्यात इतके दिवस तुझा आवाज होता आणि त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. नुसता सांभाळला होता. मागितल्याबरोबर त्यांनी दिला, एकानंही विचारलं नाही की ही कोण.

चित्र सुरू झालं. हिरवी चोळी घातलेली नवरी, मागे बायकांची गडबड, कुणीतरी लेकराला हाका मारतंय. कॅमेरा थोडा हलला. मग अगदी जवळून, जणू खोलीतूनच, तू बोललीस. थोडी घाईत, थोडी वैतागलेली.

"अम्मी, जरा बाजू सरको ना. बीच में आ रे तुम."

अम्मी खाटेवर बाजूला सरकल्या.